पडला की पाडला

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते, तेव्हाची गोष्ट. सकाळची शिफ्ट सुरू होऊन तासभर झाला होता. एका लाइनवर टेबलावरचा डायल गेज खाली आला. मोजमापाचं उपकरण असं आपटलं की ते उचलून पुसून परत वापरायचं नसतं. ते कॅलिब्रेशनला पाठवायचं, तोवर त्या गेजवर तपासलेला माल बाजूला काढायचा आणि कागद भरायचा. जपानी तज्ज्ञ शेजारच्या मशीनपाशीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ऑपरेटरला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "मॅडम, गेज पडला." मी वळून सांगितलं, "गेजि ओ ओतोशिमाश्ता."

तज्ज्ञांनी मान हलवून लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात ऑपरेटरचा निष्काळजीपणा आला आणि दोन दिवसांनी त्या माणसाच्या हातात ताकीदपत्र पडलं. चहाच्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, मी 'पडला' म्हणालो होतो. 'पाडला' नव्हतो म्हणालो." मागून माल घेऊन जाणाऱ्या ट्रॉलीचा धक्का टेबलाला लागला होता. तो तर तेव्हा गेजकडे पाठ करून उभा होता.

मी तशीच तज्ज्ञांकडे गेले, माझी चूक सांगितली. फाइलला दुसरा कागद जोडला गेला, ताकीदपत्र मागे घेतलं गेलं. पण ते दोन दिवस तो माणूस घरी कोणत्या मनानं गेला असेल, हे अजूनही मधूनच आठवतं आणि घशाशी येतं.

पडणं म्हणजे 'ओचिरु' आणि पाडणं म्हणजे 'ओतोसु'. दोन्ही क्रियापदं मला येत होती. परीक्षेत मी ती बरोबर लिहिली होती. मग तोंडून चुकीचं का गेलं? त्या रात्री मी माझी जुनी वही काढली. दोन्ही शब्दांपुढे मी एकच अर्थ लिहून ठेवला होता: 'ड्रॉप'. इंग्रजीत वस्तू ड्रॉप होते आणि माणूसही वस्तू ड्रॉप करतो. शब्द तोच. साताऱ्याला मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली मी मुलगी. पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं हा फरक मला बोलायला लागल्यापासून येत होता. समोरचा माणूस तोच फरक मराठीत नीट करून सांगत होता आणि जपानी भाषेत तो जसाच्या तसा होता. मध्ये मी इंग्रजी आणली आणि तिथं तो फरक सांडला.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. मराठी माणसानं जपानी व्याकरण मराठीतून शिकावं. ही अभिमानाची बाब म्हणून मी सांगत नाही. तो रस्ता खरोखरच जवळचा आहे, म्हणून सांगते.

आमच्या वेळी पुण्यात जपानी शिकणारे बरेच होते, आता तर फारच वाढलेत. रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषांचा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, घरगुती क्लास, सगळीकडे वर्ग भरतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या केंद्राबाहेर मुलामुलींची गर्दी बघितली की या शहराचं जपानी भाषेशी काय नातं आहे ते कळतं. माझे शिक्षक उत्तम होते. पण पुस्तकातली स्पष्टीकरणं इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत, म्हणून फळ्यावरही इंग्रजीच. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक सगळीकडे रुळलं होतं. 1998 साली निघालेलं, पहिल्या भागात पंचवीस धडे, दुसऱ्या भागात पंचवीस. मूळ पुस्तक सगळं जपानीत आणि अर्थ व व्याकरणाचं पुस्तक वेगळं. वर्गात आम्ही त्यातलं इंग्रजी घेतलं. गेजचा तो प्रसंग घडून गेला होता, तरी वर्गात उभं राहिलं की सवयीनं तोंडून इंग्रजीच यायची. सवय मोडायला वेळ लागतो.

ती मोडली 2019 मध्ये. दोन वर्षांपूर्वी भारत आणि जपान यांच्यात तांत्रिक प्रशिक्षणार्थी पाठवण्याचा करार झाला होता आणि वृद्धांची शुश्रूषा करायला जाऊ इच्छिणाऱ्या मुली क्लासला येऊ लागल्या होत्या. या कामासाठी जाताना जेएलपीटीची एन-फोर पातळी लागते. माझ्या वर्गात नर्सिंग केलेल्या अकरा जणी होत्या, बहुतेक बीड, जालना, नंदुरबारकडच्या. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण त्यात विचार करता येत नव्हता. मी चाळिसावा धडा घेत होते. 'ताबेते मिमास.' मी म्हटलं, इथं 'मिरु' म्हणजे 'ट्राय'. क्रियापदाचं 'ते'-रूप घ्यायचं, पुढे 'मिरु' लावायचं, म्हणजे 'ट्राय डुइंग' असा अर्थ होतो. चेहरे कोरे. मागच्या बाकावरून आष्टीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, 'मिरु' म्हणजे बघणं ना? मग 'ताबेते मिमास' म्हणजे खाऊन बघते."

वर्ग क्षणभर गप्प झाला, मग एकदम बोलायला लागला. मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी हे वाक्य शिकवत होते. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणं. खाऊन बघणं. करून बघणं. घालून बघणं. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम, अर्थाला अर्थ. ट्राय या शब्दाची गरजच नव्हती.

त्या तासाला आम्ही धडा सोडून दिला आणि फळ्यावर एक एक शब्द मांडत गेलो. 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं. 'इकु' म्हणजे जाणं, 'कुरु' म्हणजे येणं. 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणं, 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. 'मोराउ' म्हणजे आपल्याला मिळणं, आपण घेणं. 'जितेन्शा ओ नाओश्ते मोराउ' म्हणजे सायकल दुरुस्त करून घेणं. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. इथं 'शिमाउ'चा मूळ अर्थ टाकणं नाही, संपवणं किंवा आवरून ठेवणं आहे, तरी वाक्यात बसल्यावर जी छटा येते ती आपल्या 'टाकणं'च्या फार जवळची. आणि 'वासुरेते शिमाइमाश्ता' म्हटलं की 'विसरूनच गेले हो' असा हळहळीचा सूर येतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं स्पष्टीकरण लागतं: एकाला 'आगाऊ', दुसऱ्याला 'पूर्णपणे', तिसऱ्याला 'नको असताना'. मराठी मुलीला मात्र हे सगळं आईनं स्वयंपाकघरात शिकवलेलं असतं. दूध तापवून ठेव, ते भांडं घासून टाक, मीठ घालून बघ.

बाहेर पडताना जपानी माणूस घरच्यांना म्हणतो, 'इत्ते किमास'. पुस्तकं त्याचा अर्थ 'मी निघतो' असा देतात. अक्षरशः तो आहे 'जाऊन येतो'. आपल्याकडेही दारातून नुसतं 'जाते' म्हणत नाहीत.

'ते'-रूप हा जपानी शिकणाऱ्याच्या वाटेतला पहिला खरा चढ. चौदाव्या धड्यात तो येतो आणि कित्येक जण तिथून क्लास सोडतात. आपलं 'ऊन' लावणं सोपं: खा-खाऊन, लिही-लिहून. 'ताबेरु-ताबेते'सारखी सरळ क्रियापदं सोडली, तर जपानीत क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं. 'उ, त्सु, रु' असेल तर 'त्ते': काउ-कात्ते, मात्सु-मात्ते, तोरु-तोत्ते. 'मु, बु, नु' असेल तर 'न्दे': नोमु-नोन्दे, आसोबु-आसोन्दे. 'कु'चं 'इते', 'गु'चं 'इदे', 'सु'चं 'श्ते'. 'इकु' तेवढा अपवाद, त्याचं 'इत्ते'. याला पाठांतराशिवाय उपाय नाही आणि पाठांतराला कमी लेखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण पाढे म्हणत वाढलो, त्याच ठेक्यात ही रूपं म्हणायची. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं म्हटली की ती जिभेवर बसतात.

'नु'नं संपणारं क्रियापद आजच्या जपानीत एकच आहे, 'शिनु', म्हणजे मरणं. त्याचं 'ते'-रूप 'शिन्दे'. शिंदे आडनावाची मुलं प्रत्येक बॅचला असतात. त्यांना मी हे आधीच सांगून ठेवते. उद्या जपानमध्ये कुणी त्यांचं नाव वाचताना थबकलं, तर त्यांना कारण माहीत असावं, उगाच मनाला लागू नये.

त्या बॅचनंतर मी पहिला धडाही नव्यानं शिकवायला घेतला. म्हणजे अक्षरांपासूनच. हिरागानाची सेहेचाळीस अक्षरं मुलं पाठ करतात ती 'आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या ओळींनी. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेवरून गेलेला आहे. जपानी बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास करत, त्या अभ्यासातून ही मांडणी झाली. 'ना' आणि 'मा' यांच्या मध्ये 'हा' कसा आला, असं एखादी हुशार मुलगी विचारते. आपल्याकडे त्या जागी प-वर्ग असतो. तिथंही तो 'पा'च होता. जपानीतला आजचा 'हा' पूर्वी 'पा' असा उच्चारला जात असे. उच्चार बदलला, जागा तीच राहिली.

उच्चारातही आपल्याला काही गोष्टी फुकट मिळाल्या आहेत. 'त्सुनामी'तला 'त्सु' पुष्कळांना जड जातो. मी सांगते, चुलीतला 'चु' म्हण. जपानी 'न्' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, म्हणून वर्तमानपत्र 'शिन्बुन' असं लिहितात आणि 'शिम्बुन' असं ऐकू येतं. आपला अनुस्वार हेच करतो: 'अंबर'मध्ये म्, 'अंतर'मध्ये न्. नियम समजवायला दोन मिनिटं पुरतात. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र जपावं लागतं, कारण लिहिताना आपण वेलांटी पाहून घेतो, पण बोलताना फार ढिले असतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. वृद्धाश्रमात काम करायचं तर हे दोन शब्द एकमेकांत मिसळून चालणार नाही.

मग प्रत्यय. जपानीत नामाच्या पाठीमागे बारीक शब्द लागतात, अगदी आपल्या विभक्तीसारखे, आणि वाक्य क्रियापदावर संपतं. 'नि' हा त्यातला एक. इंग्रजी पुस्तकात त्याचे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात आणि मुली ते घोकतात. आता मी तीन वाक्यं लिहिते. 'पुने नि इकिमास', पुण्याला जाते. 'रोकुजि नि ओकिमास', सहाला उठते. 'तोमोदाचि नि आइमास', मैत्रिणीला भेटते. ला, ला, ला. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द लागतात आणि तिसऱ्या ठिकाणी शब्दच लागत नाही. 'दे' म्हणजे 'नं': 'बासु दे', बसनं; 'हाशि दे', काड्यांनी. 'नो' म्हणजे चा-ची-चे, फक्त लिंगवचनाची कटकट नाही. पुस्तक, वही, मुलगे सगळ्यांना एकच 'नो'.

'निहोंगो गा वाकारिमास' हे वाक्य इंग्रजीतून शिकताना मला फार दिवस खुपत होतं. समजून घेणारी मी, मग भाषा कर्ता का? 'रिंगो गा सुकि देस', सफरचंद आवडतं. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी का? पुस्तक सांगायचं की हे लक्षात ठेवा, अपवाद आहे. मराठीत मांडलं की अपवादच उरत नाही. मला जपानी समजतं. मला सफरचंद आवडतं. आपल्याकडेही जपानी समजतं आणि सफरचंद आवडतं. आपण 'मला' होऊन बाजूला उभे असतो. 'कोदोमो गा फुतारि इमास', दोन मुलं आहेत. आपणही मुलं 'बाळगत' नाही, ती आपल्याला असतात.

हा योगायोग आहे की काही खोल कारण, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. मग कळलं की भाषाशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलेलं आहे. कॉलिन मसिका यांनी 1976 च्या पुस्तकात दक्षिण आशियातल्या भाषांची समान लक्षणं तपासली: शेवटी येणारं क्रियापद, 'करून'सारखी रूपं, संयुक्त क्रियापदं, 'मला आवडतं'सारखी रचना, प्रयोजक क्रियापदं. यातली कितीतरी लक्षणं मध्य आशियामार्गे थेट कोरिया-जपानपर्यंत दिसतात. कुळं वेगळी, रचना सारखी. ताचिकावा इथल्या जपानी भाषेच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणारे मराठी भाषक प्रशांत परदेशी यांनी तर जपानी आणि मराठी शेजारी ठेवून अभ्यास केला आहे आणि पडणं-पाडणंसारख्या सकर्मक-अकर्मक जोड्या हा त्यांच्या कामातला मोठा विषय आहे. हे वाचलं तेव्हा मला आमचा ऑपरेटर आठवला. त्यानं एका काना-मात्रेच्या फरकात जे सांगितलं, त्यावर लोक आयुष्य घालवतात.

आता या जोड्या मी पहिल्याच महिन्यात सुरू करते. ओचिरु-ओतोसु, पडणं-पाडणं. वारेरु-वारु, फुटणं-फोडणं. मोएरु-मोयासु, जळणं-जाळणं. मुलींना अर्थ पाठ करावे लागत नाहीत, फक्त जोडी पाठ करायची. एक सूचना मात्र देते: 'उघडणं' आणि 'मोडणं' यांवर विसंबू नका. दार आपोआप उघडलं तरी 'उघडलं' आणि मी उघडलं तरी 'उघडलं'. जपानीत पहिलं 'आकु', दुसरं 'आकेरु'. इथं मराठीही इंग्रजीसारखीच वागते.

आणि एक तिसरी पायरी आहे, जी मला सगळ्यात जास्त आवडते. हातातून कप निसटून फुटला, तर आपण 'मी फोडला' म्हणत नाही, 'फुटला' म्हणून हातही झटकत नाही. आपण म्हणतो, 'माझ्याकडून फुटला.' दोष अंगावर घेतो, हेतू घेत नाही. जपानी माणूस अशा वेळी म्हणतो, 'वात्ते शिमाइमाश्ता'. क्रियापद 'फोडणं' हेच, पण मागे ते हळहळीचं 'शिमाउ'. दोन्ही समाजांनी एका फुटलेल्या कपासाठी भाषेत इतकी जागा करून ठेवली, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

'वा' आणि 'गा' यांचा प्रश्न असा सहज सुटत नाही. पहिल्या धड्यातच 'वाताशि वा' येतं. लिहायचं 'हा' आणि वाचायचं 'वा'. पुढे 'गा' आला की गोंधळ सुरू. मिकामी आकिरा या व्याकरणकारानं 1960 साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'झोऽ वा हाना गा नागाइ' असं आहे. हत्ती, सोंड, लांब. यात कर्ता कोण, हत्ती की सोंड? मिकामींचं म्हणणं असं की जपानी वाक्याला युरोपीय भाषांतल्या 'कर्त्या'च्या चौकटीत बसवूच नये. मी हे वाक्य वर्गात लिहिलं आणि मराठीत सांगा म्हटलं. 'हत्तीची सोंड लांब असते' असं बहुतेकींनी लिहिलं. मी म्हटलं, पुस्तकातलं नको, शेजारणीला सांगताना कसं म्हणाल? एक जण म्हणाली, "हत्ती ना, त्याची सोंड लांब असते."

हा 'ना' बघा. तो मुलगा ना, फार हुशार आहे. ते घर ना, तिथं पाणीच येत नाही. आधी विषय समोर ठेवायचा, मग त्याबद्दल बोलायचं. 'वा' हेच करतो. आणि 'गा'? 'कोण जातंय?' याचं उत्तर 'मी जाते', त्यातल्या 'मी'वरचा जोर म्हणजे 'गा'. 'वाताशि गा इकिमास', मीच जाते. 'ना' आणि 'वा' पूर्ण एक नाहीत. 'वा'चा पसारा मोठा आहे, आणि प्रत्येक 'वा'च्या जागी 'ना' घातला तर मराठी कृत्रिम होईल. पण पहिलं पाऊल टाकायला हा दगड भक्कम आहे. वाक्याच्या शेवटचा 'ने' तर जवळजवळ आपला 'ना'च: 'आत्सुइ देस ने', गरम होतंय ना!

मराठीचा आधार घेताना ती कुठं पाय घसरवते, हे सांगितलं नाही तर शिकवणं अर्धं राहील. ठिकाण आणि 'त' यांचं उदाहरण घ्या. घरात आहे आणि घरात अभ्यास करते, दोन्हीकडे आपला 'त'. जपानीत असण्याला 'नि' आणि करण्याला 'दे'. ही चूक मुली एन-थ्रीपर्यंत करतात. 'देणं' हे दुसरं. आपण कुणालाही देतो. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु' आणि कुणी मला दिलं तर 'कुरेरु'.

आदरार्थी बोलण्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. त्याच कारखान्यात ग्राहक कंपनीचा फोन आला, आमच्या विभागप्रमुखांना विचारत होते. मी फार आदरानं सांगितलं, 'बुचोऽ वा इराश्शाइमासेन', म्हणजे 'साहेब नाहीयेत'. आपल्याकडे हेच योग्य. वडिलांबद्दल, साहेबांबद्दल बाहेरच्याशी बोलतानाही आपण 'ते आहेत' म्हणतो. फोन ठेवल्यावर एका जपानी सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. बाहेरच्याशी बोलताना आपली कंपनी म्हणजे आपलं घर, साहेबसुद्धा घरातले; घरच्यांना आदरार्थी लावायचं नाही. तिथं 'ओरिमासेन' म्हणायचं. स्वतःच्या आईला बाहेर 'हाहा' म्हणायचं आणि दुसऱ्याच्या आईला 'ओकाऽसान', हे पहिल्या महिन्यात शिकलेलं. पण तोच नियम साहेबांना लागतो, हे मला त्या फोनपर्यंत उमगलं नव्हतं. मराठीत आदर व्यक्तीला चिकटतो, तिथं तो कोण कुणापुढे बोलतंय यावर ठरतो. ही गोष्ट मी आता पहिल्याच आठवड्यात सांगते.

आष्टीकडची ती मुलगी एन-फोर झाली आणि मधली दोन वर्षं वाट बघून शेवटी जपानला गेली. एका वृद्धाश्रमात कामाला लागली. सुरुवातीला रोज रात्री तिचे व्हॉट्सअॅपवर निरोप यायचे, बहुतेक व्याकरणाचेच. दिवसाच्या शेवटी प्रत्येक आजी-आजोबांबद्दल नोंद लिहायची असते: काय खाल्लं, किती खाल्लं, स्वतः खाल्लं की मदत लागली. तिनं विचारलं, "मॅडम, 'भरवलं' कसं लिहू?"

मी लगेच लिहिलं, 'ताबेसासेमाश्ता'. अठ्ठेचाळिसाव्या धड्यातलं प्रयोजक रूप. खाणं-भरवणं, पिणं-पाजणं, नेसणं-नेसवणं, आपल्या भाषेत या कामासाठी किती शब्द आहेत, आणि जपानीत त्यांच्या जोड्या नीट तयार आहेत: ताबेरु-ताबेसासेरु, नोमु-नोमासेरु, किरु-किसेरु. मला वाटलं, इथं तर मराठी अगदी हातात हात घालून चालेल.

दुसऱ्या दिवशी रात्री तिचा निरोप आला. तिथल्या वरिष्ठ परिचारिकेनं नोंदीतला तो शब्द खोडून दुसरा लिहायला सांगितला होता. 'ताबेसासेरु'मध्ये खायला लावल्याचा भाव येतो, समोरच्याची इच्छा असो-नसो. नोंदीत 'काइजो' लिहायचं, म्हणजे साहाय्य. भरवणं म्हटलं की आपल्याला चिऊचा घास आठवतो, पण त्या जपानी शब्दात तो घास नव्हता. मी इतकी वर्षं ही जोडी फळ्यावर लिहीत आले होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिनं खाली स्वतःची नोंद लिहून पाठवली होती, बरोबर आहे का बघा म्हणून. 'हाम्बुन वा गोजिबुन दे, नोकोरि वा काइजो.' अर्धं स्वतः, उरलेलं मदतीनं. 'जिबुन'च्या आधी आजींसाठी आदराचा 'गो' तिनं आठवणीनं लावला होता. आजी बाहेरच्या नाहीत आणि घरच्याही नाहीत, तरी तिथं 'गो' हवा, हे मी शिकवलेलं नव्हतं.

मी वही काढली आणि 'भरवणं' या शब्दापुढची ओळ खोडली.